पाचर धरणाऱ्याची हाक

एका राज्यात डोंगराला तोंड फुटले. कालजंघ मांत्रिकाचा शाप होता तो. त्या तोंडातून पाणी निघे आणि खाली राजधानीत चढे. पायथ्याची काळी शिळा वर नेऊन तोंडावर बसवली, तरच शाप तुटणार होता. मुदत तीन दिवसांची. तिसऱ्या सूर्यास्ताला नगर बुडणार.

राजाने काम सोपवले सरदार हैबतरावाला. त्याने बारा किल्ले घेतले होते. त्याला 'नाही' म्हणणारा अजून जन्मला नव्हता.

शंभर पाथरवट दोरांना लागले. शिळेमागे म्हातारा सटवाजी लाकडी पाचर घेऊन बसला. शिळा वीतभर चढली की पाचर खाली सारायची, म्हणजे ती मागे येत नाही. आली, तर पहिला चिरडणार तो सटवाजीच. म्हणून पाथरवटांत ओढीची हाक पाचर धरणाराच देई.

हैबतराव म्हणाला, "हाक मी देईन." आणि आसूड घेऊन शिळेवर चढून बसला.

पहिल्या दिवशी आसूड चालला. माणसे आसुडाकडे बघून ओढत होती. शिळा दहा हात चढली. हैबतराव पाणी प्यायला वळला, तसे दोर ढिले पडले आणि पाचर सारायच्या आत शिळा तेवढीच खाली आली. सटवाजी उडी टाकून वाचला.

दुसऱ्या दिवशी सरदाराने सोन्याचे कडे टांगले. सर्वांत जास्त जोर लावील त्याचे कडे. मग जो तो आपलाच जोर दिसावा म्हणून वेगळा हिसका देऊ लागला. "कडं तुला, कळ मला," शेजारचा पुटपुटला आणि त्याने हात ढिले सोडले. दोर तुटला.

तिसऱ्या सकाळी पाणी राजवाड्याच्या पायऱ्यांना लागले. एक टिटवी शिळेवर येऊन बसली. म्हणाली, "सरदारा, शिळा जड नाही. तू जड आहेस."

हैबतरावाने तिला हाकलले नाही. तो खाली उतरला, सटवाजीपुढे उभा राहिला, आणि काम कसे करायचे ते त्याने विचारले. असे त्याने जन्मात कुणाला विचारले नव्हते.

सटवाजीने पाचर त्याच्या हाती दिली. "इथं बसा, सरकार. शेवटच्या गड्याची पाठ बघा. त्यानं श्वास भरला, की हाक द्या. आधी नाही."

हैबतराव बसला. पण सवय हुकमाची. पहिली हाक लवकर गेली. शिळा मागे सरली, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे चेचली गेली. त्याने पाचर सोडली नाही.

शंभर जणांनी ते पाहिले. दोर ताठ झाले.

हैबतरावाने शेवटच्या पाठीवर नजर रोवली. पाठ फुगली, त्याने हाक दिली. वीत. पुन्हा पाठ, पुन्हा हाक. पुन्हा वीत. सूर्य टेकला तेव्हा शिळा तोंडावर बसली. डोंगर मिटला. कालजंघ उभ्या जागी मिठाचा झाला आणि विरघळला. पाणी ओसरले.

दुसऱ्या दिवशी नगराची पाण्याने पडलेली वेस बांधायची होती. चेचलेल्या हाताला पट्टी बांधून हैबतराव माणसे बोलवायला निघाला. वेशीशी पोचला तो शंभर जण दोरांना लागलेले. दगडामागची जागा तेवढी रिकामी. बाजूला सटवाजी उभा.

"उशीर केलात, सरकार," तो म्हणाला.

हैबतराव खाली बसला.

जशी त्यांची वेस उभी राहिली, तशी तुमची-आमची उभी राहो.