मोहितेसाहेबांची तीन बाथरूम

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

मोहितेसाहेबांनी सातव्या मजल्यावरचं घर नव्यानं सजवायला काढलं. तीन बाथरूम, तिन्हींत संगमरवर. पण कामगारांनी एकाही बाथरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा हुकूम. वाळू वाहणारी शेवंतामावशी इमारतीमागच्या झुडपांत जायची. तिथं जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. एका दुपारी तिला भोवळ आली. प्लंबर सोपानच्या मस्तकात तिडीक गेली.

संध्याकाळी साहेब पाहुण्यांना घर दाखवायला आले.

"काय रे सोपान, संडास तुंबणार नाही ना? हमी दे."

"नाही देता येत, साहेब."

"का? पाणी सोडून बघितलंस ना?"

"नुसत्या पाण्यानं काय कळतंय? माणसांनी वापरलं की कळतं. आम्ही दहाजण इथं रोज राबतो, पण आमच्यात माणूस एकही नाही, असं तुम्हीच ठरवलंय."

पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, मग ही माणसं जातात तरी कुठं?"

"वापरा उद्यापासून," साहेब पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपाननं नळाला हात लावण्याआधी शेवंतामावशीसाठी एका बाथरूमच्या दाराला आतून कडी बसवली.