पडद्याच्या मागं

“पण हसल्या का त्या, अण्णा? त्यात हसण्यासारखं काय होतं?” निरंजननं विचारलं.

दुर्गाप्पा अण्णा पडद्याची सैल झालेली दोरी ओढून बांधत राहिले.

दगडखाणीजवळच्या वडारवस्तीत अण्णांचं सगळं आयुष्य गेलं. पोरांना अक्षरं शिकवली, आजाऱ्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. निरंजन शहरातून त्यांच्याकडं सेवेचं काम शिकायला आलेला. मुलगा कष्टाळू, बरं का. फक्त आपण कष्टाळू आहोत, हे त्याला फार माहीत होतं.

वस्तीला नळ नाही. म्हणून त्यानं फिल्म काढली होती. परवा ती तालुक्याच्या कचेरीत साहेबांना दाखवायची, आणि बायांनी रिकामे हंडे घेऊन सोबत जायचं, असं ठरलेलं. आज दिवेलागणीला आधी वस्तीत दाखवली, तर बाया पोट धरून हसल्या आणि मधूनच उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, आम्ही काही येत नाही.

बाया आल्या नाहीत तर साहेब एकट्या निरंजनला चहा पाजून वाटेला लावणार. हे त्यालाही कळत होतं.

“ये इकडं,” अण्णा म्हणाले. “मागं बस.”

वस्तीची रीत अशी, की जत्रेत पडदा लागला की पुरुष चित्र टाकणाऱ्या मशीनच्या बाजूला बसतात आणि बाया पडद्याच्या मागं. चित्र तिकडंही उमटतं, फक्त उलटं. डावं ते उजवं होतं. निरंजन मागं कधी बसलाच नव्हता.

फिल्म पुन्हा लागली.

पडद्यावर निरंजन हुलगव्वा मावशीच्या ओंजळीत पाणी ओतत होता. डाव्या हातानं.

“अरे देवा… म्हणून हसल्या होय? मग सोपं आहे. मशीन इकडं आणतो, बायांना सुलटं दिसेल.”

अण्णा पडद्याकडंच बघत राहिले.

“नाहीतर आरसा लावतो.”

“लाव की.”

मग अण्णांनी हळूच विचारलं, “तू आलास त्या दिवशी कुणी कुणाला पाणी घातलं रे?”

“मावशीनं मला. ऊन लागलं होतं.”

“आणि ह्यात?”

“ते… पाण्याची किंमत लोकांना कळावी म्हणून. मीच म्हटलं, मावशी, तू खाली बस, मी ओततो.”

अण्णा उठले. पडद्यावर जिथं निरंजन उभा होता, तिथं त्यांनी आपला पंजा ठेवला. निरंजन झाकला गेला. खाली नुसती ओंजळ राहिली…

निरंजन उठला आणि तडक हुलगव्वाच्या दारात गेला. आत बाया बसलेल्याच होत्या.

“मावशी, तो तुकडा मी कापतो. उद्या तू खाणीत पाण्याला उतरशील, ते काढू दे.”

“आन् तू?”

“मी नाही त्यात.”

“मग एक हंडा घे की. एका खांद्यावर क्यामेरा, एकावर हंडा.”

“घेतो.”

“डाव्या का उजव्या?”

बाया पुन्हा हसल्या. निरंजन दारातून हलला नाही.

“परवा येणार ना, मावशी?”

“आधी उद्याचा हंडा वर आण. मग बघू.”

दुसऱ्या दिवशी तो खाणीत उतरला. बाया भरताना, चढताना, टेकताना त्यानं कॅमेऱ्यात टिपल्या. मग स्वतःचा हंडा उचलला. खाणीची चढण वाईट, पाय सरकतो. वर आला तोवर सदरा भिजला होता.

हुलगव्वानं हंड्यात डोकावून पाहिलं.

“निम्मा सांडलास.”

“हो. उद्या परत येतो.”

“उद्या कसा येशील रं? उद्या तालुक्याला जायचंय न्हवं समद्यांनी?”

निरंजननं हंडा तिच्या दाराशी उतरवला आणि तो फिल्म जोडायला बसला.

निघायच्या सकाळी बाया हंडे घेऊन वाटेवर उभ्या होत्या. निरंजन पडद्याची वळकटी काखेत मारून अण्णांकडं आला.

“अण्णा, कचेरीत सांगून ठेवलंय, साहेबांची खुर्ची मशीनजवळ मांडा म्हणून. नीट दिसेल तिथून. बरोबर ना?”

अण्णा वाकून चपलेचा अंगठा बसवत होते.

“नको. साहेबांना मागं बसव, बायांच्यात.”