खाऱ्या पाण्यातला खांब

या राज्यात कोरडी जागा नव्हती. गल्लीबोळांतून कोमट, खारं पाणी अहोरात्र वाहायचं आणि येईल त्या धातूला कुरतडून खायचं. त्यातच राज्याचा मोठा पांढरा खांब मोडला आणि सगळं राज्य आडवं झालं.

खांबाला टेकू द्यायला आधी लोखंड आलं. छाती काढून उभं राहिलं, पण पाण्याने चावा घेताच त्याच्या अंगातून तांबडा गंज गळू लागला. राज्याला ते सोसेना; पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिलं. तेव्हापासून वेशीवर चाल पडली: पाहुण्याच्या अंगावर आधी ओरखडा काढायचा आणि मग त्याला पाण्यात उभं करायचं.

मग टायटॅनियम आला. त्याचा जन्मच न्यारा! भुकटीचा एक थर, त्यावर भुकटी वितळवून जोडणारी प्रकाशाची रेघ, पुन्हा भुकटी, पुन्हा प्रकाश, असा तो तळापासून वाढत गेला होता. अंगात राहिलेल्या पोकळ्या भट्टीत दाबून बुजवल्या होत्या. वरून मात्र तो खडबडीतच होता. घणाखाली घडलेले त्याचे गुळगुळीत थोरले भाऊ हसले. "अरे, एवढ्या खाचाखळग्यांत पाणी दबा धरून बसेल. तुझा निकाल लागलाच म्हणून समज!"

भाऊ अगदीच खोटं बोलत नव्हते. टायटॅनियम हरला असता, तर राज्य कायमचं आडवं राहिलं असतं.

पहारेकऱ्याने नखं रोवून खोल ओरखडा काढला. पाणी धावून आलं. सगळ्यांचा जीव टांगणीला! आणि काय सांगावं, पाण्याचे दात लागायच्या आत जखमेवर नवी कातडी धरली होती, डोळ्यांना न दिसणारी.

"पुन्हा!" पाणी खवळलं. पुन्हा ओरखडा, पुन्हा कातडी. ते खाचाखाचांत शिरलं, चावलं, थकलं. "अरे, कातडी आणतोस तरी कुठून?"

"तुझ्याच पोटातला प्राणवायू घेतो आणि पांघरतो," टायटॅनियम म्हणाला.

मग मोडका खांब सांधायला राज्याचे चुन्याचे गवंडी आले. गुळगुळीत भावांवर त्यांचे पाय घसरायचे. इथे प्रत्येक खाच पायरी झाली. बांधकाम भराभर चढलं. पुढे पहारेकरी गस्तीवर आले, तेव्हा खांब कुठे संपतो आणि पाहुणा कुठे सुरू होतो, ते त्यांना सापडेना.

आणि एका सकाळी राज्य हललं! आधी उठून बसलं, मग उभं राहिलं. पाण्यापलीकडून, कुठूनतरी वरून, आवाज आला, "अहो शकूताई, काठी राहिली की तुमची!"

राज्य तोवर आपल्या दोन्ही पायांवर उंबरा ओलांडून अंगणात पोचलं होतं.