संपतचा पाय शर्यतीला उभा राहतो

माझं कराडला टायरचं दुकान. लोक गाडी घेऊन येतात. संपत खरात पाय घेऊन आला. उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता आणि कृत्रिम पायाचा तळवा घाटात घसरायचा. मी त्याला ट्रॅक्टरच्या टायरचं रबर चिकटवून दिलं. त्यावर वर्षभर सराव करून गडी घाटातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. मीही बघायला गेलो.

सुरुवातीच्या रेषेवरच आयोजक मुकुंदराव शितोळ्यांनी त्याला अडवलं. माणूस बडा, गळ्यात दोन-दोन शिट्ट्या.

"खरात, तुम्हाला पळता येणार नाही. हा पाय थकत नाही, त्यात गोळा येत नाही. बाकीच्यांवर अन्याय होतो."

"म्हणजे घाट हा पायच चढणार म्हणता?"

"तोच चढणार! तुम्ही नुसते त्याच्यावर बसून जाणार."

संपत तिथंच खाली बसला. पट्टे सोडून त्यानं पाय काढला आणि बुटासकट रेषेवर नीट उभा केला.

"मग साहेब, माझी कशाला अडचण? सोडा त्याला एकट्याला. वर पोचला की पदक त्यालाच घाला. मी तोवर या टायरवाल्या काकांबरोबर चहा घेतो."

तीनशे पळणारे हसू दाबून पायाकडं बघत राहिले. शिट्टीची वेळ टळली. पाय काही हलेना.

शेवटी शितोळेसाहेबच वाकले. पाय उचलून संपतच्या हातात देत म्हणाले, "घाला हो लवकर, लोक खोळंबलेत."