टीव्हीचा उखाणा

प्राणी बोलायचे थांबले आणि घरातल्या वस्तू बोलू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट.

इंदूताईंच्या घरी नवा टीव्ही आला. वायफाय सांभाळणाऱ्या राउटरकाकांनी त्याला अडवलं. "घराचा गुप्त शब्द सांग, मग आत ये."

शब्द इंदूताईंनी त्याला सांगितलाच होता. टीव्हीला वाटलं, नव्या जोडप्याला दारात अडवून नाव घ्यायला लावतात, तसंच हे. त्यानं घसा खाकरला आणि तो शब्द उखाण्यात गुंफून ठणठणीत आवाजात म्हटला. मिक्सर आणि पंखा वाहवा करू लागले. शेजारच्या घरातला स्पीकरही भिंतीला कान लावून बसला होता.

रविवारी परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इंदूताई खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसल्या आणि लेकीचा चेहरा अर्ध्या हसण्यातच थिजला. तोच शब्द सांगून स्पीकर आत घुसला होता आणि सगळं वायफाय एकटाच ओरपत होता. इंदूताई त्या थिजलेल्या गालांवरून बोटं फिरवत राहिल्या.

टीव्हीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मला घराबाहेर काढा."

काकांनी जुना शब्द मोडला, सगळ्यांनाच बाहेर काढलं आणि नवा शब्द सर्वांत आधी टीव्हीच्या कानात सांगितला.

"मला? इतकं होऊनही?"

"तुला चटका बसलाय बाळा, तूच जपशील."

लेक पुन्हा हसू लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडून स्पीकर लाडीगोडीनं म्हणाला, "टीव्हीभाऊ, काय झकास उखाणा घेतला होतात! आज पुन्हा होऊन जाऊ द्या की!"

"झाला मघाशीच," टीव्ही हळूच म्हणाला. "काकांच्या कानात."