दोरा बांधलेला पेला

एकदा एक किराणा व्यापारी आपल्या मुलीला, कस्तुरीला, शाळेतून काढून घरीच शिकवू लागला. शिकवू लागला म्हणजे काय, त्यानं गावातल्या एका वृद्ध गुरुजींना गळ घातली आणि आपण निश्चिंत मनानं दुकानात जाऊन बसला. शाळेत तिचं मन कधी रमलं नव्हतं. गुरुजींपाशी मात्र ते असं रमलं, की जेवायला हाका मारून मारून आई थकायची. मटकीला उजेडात मोड लवकर येतात की अंधारात ते बघायचं, लिंबाच्या रसानं लिहिलेली अक्षरं दिव्याच्या उबेवर उमटवायची, असले त्यांचे उद्योग.

वर्ष सरत आलं तसा नातेवाइकांनी व्यापाऱ्याच्या मनात किंतु घातला. पोर नुसती खेळते, असं जो तो म्हणू लागला. अखेर एके दिवशी त्यानं सांगून टाकलं, "रविवारी चार माणसांसमोर एक प्रयोग करून दाखव. जमला तर घरी शीक, नाहीतर जूनपासून वसतिगृहाची शाळा."

कस्तुरीनं पुस्तकातून एक प्रयोग निवडला. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, भोवती कुंकवाचं पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. आतल्या हवेतला प्राणवायू जळाला, त्याची जागा पाण्यानं घेतली, हे वाक्य तिनं तोंडपाठ केलं. पाणी पेल्याच्या पाचव्या भागापर्यंत चढेल असं पुस्तक सांगत होतं, म्हणून तिथं तिनं दोरा बांधला. पहिल्या पेल्यात पाणी दोऱ्याच्या खालीच राहिलं. दुसऱ्यात, तिसऱ्यात वर गेलं. चौथा पेला मात्र आज्ञाधारक निघाला, आणि तोच तिनं धुऊनपुसून रविवारसाठी ठेवला. गुरुजी हे सगळं कोपऱ्यातून पाहत होते.

रविवारी ओसरीवर मंडळी जमली. कस्तुरी काडी ओढणार, तोच गुरुजी उठले. त्यांनी ताटलीत आणखी दोन मेणबत्त्या उभ्या केल्या, तिन्ही पेटवल्या आणि शांतपणे जागेवर जाऊन बसले.

"घाल आता पेला," ते म्हणाले.

तिला रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं. ज्यांच्यापाशी राहण्यासाठी हा सगळा आटापिटा, त्यांनीच ऐन वेळी असा घोळ घालावा? तिनं पेला पालथा घातला. ज्योती विझल्या. पाणी चढलं, दोऱ्याला लागलं, आणि दोरा ओलांडून चांगलं दोन बोटं वर गेलं.

"दोरा चुकीच्या जागी बांधलास का गं?" वडिलांनी विचारलं.

पाठ केलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. पेला तोच, त्यातली हवा तेवढीच. मग जास्तीचा प्राणवायू आला कुठून?

"मला माहीत नाही, बाबा."

कुणीतरी खाकरलं. कस्तुरीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ताटलीवर ओणवी झाली होती. "पेला ठेवताना कडेनं बुडबुडे निघाले. खूप निघाले. म्हणजे काहीतरी बाहेर गेलं. पुन्हा करून बघू?"

व्यापारी गुरुजींकडे वळला. "तुम्ही पोरीचा प्रयोग फसवलात, गुरुजी."

"शेठ," गुरुजी म्हणाले, "प्रयोग हा शब्द नाटकवाले वापरतात आणि आपणही वापरतो. नाटकाच्या प्रयोगाचा शेवट आधीच ठरलेला असतो, तो तसाच झाला की टाळ्या पडतात. हिनं बसवला होता तो तसला प्रयोग. तीन पेले हिला काही सांगू पाहत होते, पण हिनं चौथ्याचं ऐकलं, कारण हिला तुमची भीती होती. आत्ता 'माहीत नाही' म्हणाली ना, तिथून हिचा खरा प्रयोग सुरू झाला. ते दोन शब्द चारचौघांत म्हणायला मला निम्मं आयुष्य लागलं."

गुडघ्यांवर हात टेकत व्यापारी ताटलीपाशी उकिडवा बसला.

"कुठून निघाले म्हणालीस बुडबुडे?"

कस्तुरीनं बोटानं जागा दाखवली. पेला पुसून त्याचा दोरा सोडला आणि काडेपेटी वडिलांपुढे धरली. काडी त्यांनीच ओढली.