तलावाखालची खोली

ऑकलंडला टेकडीच्या उतारावर मालिनीताई गद्रे यांचं घर होतं. त्यांना वर पोहण्याचा तलाव हवा होता आणि त्याच्या खाली, दम्याने बेजार झालेल्या सासऱ्यांसाठी एक वाढीव खोली. आधीच्या बिल्डरने बांधलेली गच्ची पहिल्याच पावसात गळली होती, म्हणून आता त्या ताकही फुंकून पीत होत्या.

नवे बिल्डर दिगंबर मोकाशी मात्र मोठ्या तोऱ्यात आले. "परक्या देशात आपला माणूस भेटला, हे तुमचं नशीब. खोलीत थेंब जरी गळला तर मोकाशी नाव लावणार नाही," ते म्हणाले.

"मग काम तुमचंच," मालिनीताई म्हणाल्या. "अट एकच. तलाव भरला की पहिला महिनाभर त्या खोलीत तुम्ही राहायचं. जेवणखाण आमच्याकडे."

मोकाशींनी घसा खाकरला आणि गुडघा चोळला. "राहिलो असतो हो, पण मला संधिवात आहे. ओल अजिबात सोसत नाही."

"कसली ओल, मोकाशी?" मालिनीताईंनी शांतपणे विचारलं.

मोकाशी चहा अर्धा टाकून उठले.

पुढच्या आठवड्यात दुसरा बिल्डर आला. अट ऐकल्याबरोबर त्याने तलावाच्या तळाला गिलाव्याचा आणखी एक थर सुचवला. काम त्याला मिळालं.